खानखोजे यांचं पान

गेल्या पावसाळ्यात गुडघ्यानं दगा दिला आणि सकाळचं फिरणं बंद पडलं. घरात बसून माणूस करणार काय? वर्तमानपत्र वाचायचं आणि त्यातल्या चुका काढायच्या. नात पुण्याहून आली होती. चार दिवस तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "आबा, इथे आजीला चुका दाखवण्यापेक्षा विकिपीडियावर जाऊन दुरुस्त करा ना!" बोलणं टोचलं, पण खोटं नव्हतं. आयुष्यभर वह्यांवर लाल शाई ओतलेली. तिनं खातं उघडून दिलं, संगणकावर मराठी टंकायला शिकवलं आणि गेली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झाला, हीसुद्धा मला नवीच माहिती होती. इतकी वर्षं हे दुकान उघडं होतं आणि आम्ही बाहेरूनच नावं ठेवत होतो.

आता लिहायचं कुणावर? माझ्या मनात एकच नाव आलं, त्याचं कारण सांगतो.

शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवत असे. इतिहासाच्या पुस्तकात गदर संघटनेचा धडा आला की नावांची एक ओळ यायची. लाला हरदयाळ, भाई परमानंद आणि त्यांच्याबरोबर डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. मी मुलांना ती ओळ अधोरेखित करायला लावत असे. 'रिकाम्या जागा भरा'मध्ये हमखास एक गुण. वर्षानुवर्षं मी हा गुण वाटला. पण हा माणूस आपल्या शेजारच्या वर्ध्याचा आणि 'डॉक्टर' कसला, हे कधी सांगितलं नाही. सांगणार कुठून? मलाच ठाऊक नव्हतं.

ठाऊक करून घ्यायची संधी मात्र आली होती. माझे मामा नागपूरला सरकारी नोकरीत होते. १९६७ च्या सुरुवातीला ते आमच्याकडे अमरावतीला आले होते. रात्री जेवताना वडिलांना म्हणाले, "खानखोजे गेले." वडील म्हणाले, "कोण?" मामा म्हणाले, "ते हो, मेक्सिकोवाले." वडिलांनी "हं" केलं आणि बोलणं भाकरीवर आलं. ती भाकरी मिलोची होती. अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी ज्यांनी खाल्ली त्यांना तिची चव सांगायला नको, आणि ज्यांनी खाल्ली नाही त्यांना सांगून कळणार नाही. मी तेव्हा मॅट्रिकला होतो. मेक्सिकोवाले म्हणजे काय, हे मीही विचारलं नाही.

त्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी पंचाहत्तरीला बसलो.

अकोल्याचे माझे एक जुने सहकारी आहेत, अस्सल वऱ्हाडी माणूस. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "काहून हो मास्तर, आपल्या वऱ्हाडातले मानसं सरले काय? नदीपल्याडचा मानूस कायले धरला?" तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे. वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड संपतं. खानखोज्यांच्या लहानपणी तर या दोन मुलखांचा कारभारही वेगळा होता. वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं ते १९०३ साली. पण मी त्यांना म्हटलं, "थांबा, तुमच्यासाठी एक वऱ्हाडी माणूसही आणतो." तो आणला, त्याची गोष्ट पुढे येतेच आहे.

खानखोज्यांचा जन्म वर्ध्याचा. सालाबद्दल सगळीकडे एकमत नाही. बहुतेक ठिकाणी १८८४ दिलं आहे, तेच मी धरलं. वयाच्या विशीत डोक्यात एकच वेड, सशस्त्र क्रांती. त्यासाठी लष्करी शिक्षण हवं आणि ते इथे मिळणार नाही. १९०६ च्या सुमारास ते घर सोडून जपानमार्गे अमेरिकेला गेले. तिथे कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी अकादमीत शिकले आणि त्याच वर्षांत ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतल्या कृषी महाविद्यालयांतून शेतीच्या पदव्याही घेतल्या. १९१३ साली गदर चळवळ उभी राहिली तेव्हा तिच्या लढाऊ बाजूचे ते एक प्रमुख होते. पहिलं महायुद्ध सुरू झालं तसे तुर्कस्तान-इराणकडे गेले आणि इराण-बलुचिस्तानच्या सरहद्दीवर इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या टोळ्यांमध्ये मिसळले. युद्धानंतर बर्लिन. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त वगैरे मंडळींबरोबर मॉस्को. आणि १९२४ मध्ये मेक्सिको. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले आणि मका व गहू यांच्या सुधारित जातींवर काम करू लागले. पुढची तीसेक वर्षं तोच त्यांचा देश होता.

एवढं लिहायला एक परिच्छेद लागला. विकिपीडियावर हाच परिच्छेद लिहायला मला दोन महिने लागले.

पहिली ठेच पहिल्याच वाक्याला. मी आपला शिरस्त्याप्रमाणे लिहून मोकळा झालो, 'भारतमातेचे थोर सुपुत्र, प्रखर देशभक्त...'. दुसऱ्या दिवशी पाहतो तो कुणीतरी 'थोर'ही काढलेलं आणि 'प्रखर'ही. 'सुपुत्र' तर गेलाच होता. आधी राग आला. मग 'इतिहास पाहा' अशी एक कळ असते ती दाबली (कोणी, केव्हा, काय बदललं याची तिथे नोंद राहते, ही मोठी छान सोय आहे) आणि खाली दिलेलं कारण वाचलं. विश्वकोशीय लेखात विशेषणं नकोत. बरोबरच होतं. निबंधात विशेषणं वापरलेल्या मुलांना मीच जन्मभर जास्त गुण दिले, त्याची ही शिक्षा.

विशेषणं गेल्यावर उरलं काय? 'पांडुरंग सदाशिव खानखोजे हे भारतीय ____ होते.' आली का पुन्हा रिकामी जागा! आणि या वेळी उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं नव्हतं.

मी लिहिलं, 'कृषिशास्त्रज्ञ आणि क्रांतिकारक'. एका सदस्यानं ते 'क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ' केलं. मी पुन्हा उलटं केलं. त्यानं पुन्हा सुलटं. मग चर्चा पानावर आमची गाठ पडली. हा सदस्य कोण, किती वर्षांचा, कुठला, मला माहीत नाही. पण बोलणं सभ्य होतं. त्याचं म्हणणं, लोक त्यांना क्रांतिकारक म्हणून ओळखतात, विश्वकोशानं लोक ओळखतात तेच आधी द्यावं. माझं म्हणणं, लोक ओळखतात ते आम्हा मास्तरांनी शिकवलं म्हणून. आणि आम्हीच अर्धं शिकवलं असेल तर?

हा वाद दोन शब्दांच्या क्रमाचा होता आणि घरात सगळे हसत होते. पण त्यातून एक गोष्ट उलगडली, ती मला आधी दिसलीच नव्हती.

विकिपीडियाचा दंडक असा की विधानाला प्रसिद्ध झालेला आधार द्या. नाही दिला तर वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी चिठ्ठी लागते. आता खानखोज्यांच्या पूर्वार्धाला आधार कुठून आणायचा? तो माणूस नाव बदलून, वेश बदलून हिंडत होता. मागे कागद राहू नये यासाठीच त्याची सारी धडपड. पत्र लिहिलं तर ते जाळावं, भेट झाली तर ती झालीच नाही असं वागावं. कागद राहिला तो बहुतेक शत्रूच्या दप्तरात. बाकी उरल्या आठवणी, त्याही उतारवयातल्या. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत चरित्र लिहिलं आहे. मराठीत वीणा गवाणकर यांचं 'डॉ. खानखोजे : नाही चिरा' आहे. ('एक होता कार्व्हर' वाचलेल्यांना गवाणकरांची ओळख करून द्यायला नको. शेतीशास्त्रज्ञाला मराठीत वाचक मिळतो हे त्यांनीच दाखवलं.) ही पुस्तकं नसती तर माझं पान चार ओळींत संपलं असतं. लेनिनच्या भेटीसारख्या गोष्टी मी 'चरित्रानुसार' असा शब्द घालूनच लिहिल्या. त्या शब्दानं वाक्याचा तोरा जातो खरा, पण वाक्य टिकतं.

उलट उत्तरार्ध पाहा. प्राध्यापक माणूस लपत नाही. त्याच्या नावानं पदवी असते, नेमणूक असते, छापलेली पत्रिका असते. १९३० साली चापिंगोहून त्यांची मक्याच्या नव्या जातींवरची पुस्तिका निघाली, १९३६ साली 'मका ग्रनादा' या जातीवरची दुसरी. दोन्ही स्पॅनिशमध्ये. तीना मोदोत्ती ही इटालियन छायाचित्रकार तेव्हा मेक्सिकोत होती. तिनं त्यांच्या कामाची छायाचित्रं काढली. आणि दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकारानं मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या 'आमची भाकरी' नावाच्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं. मेजाभोवती माणसं बसली आहेत आणि आपला वर्ध्याचा माणूस त्यांच्यासाठी भाकरी मोडतो आहे. (मूळ शब्दाचा नेमका अर्थ पाव. पण मी पानावर 'भाकरी' लिहिलं आणि ते कुणी बदललं नाही.) शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढण्याच्या कामातही ते होते.

म्हणजे गंमत अशी की ज्या भागाला पक्का कागद आहे त्याबद्दल आम्ही काहीच बोलत नाही आणि ज्या भागाला कागद कमी तेवढाच घोकून घेतो. पिस्तुलाची गोष्ट सांगायला सोपी. वर्ग शांत बसतो. मक्याची गोष्ट सांगायची तर आधी मका समजून घ्यावा लागतो. आमच्याकडे मका म्हणजे पऱ्हाटीच्या कडेला लावलेली एखादी ओळ, पावसाळ्यात भाजून खायची कणसं. मेक्सिकोत मका म्हणजे आपल्याकडे ज्वारी तशी, किंबहुना त्याहून जास्त. मक्याचा रानटी पूर्वज 'तेओसिंते' तिथलाच, आणि हजारो वर्षं तिथल्या शेतकऱ्यांनी निवड करत करत आजचा मका घडवला. त्या देशात जाऊन परक्या माणसानं मक्यावर काम करायचं म्हणजे मेक्सिकोच्या माणसानं आमच्या वऱ्हाडात येऊन कापूस शिकवण्यासारखं आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शिवारात असा कुणी आला असता तर आम्ही त्याला आधी चार प्रश्न विचारले असते. खानखोज्यांना तिथे विद्यार्थी मिळाले, मान मिळाला. हे कसं साधलं असेल, याचं मला त्यांच्या लढायांपेक्षाही जास्त नवल वाटतं.

आता तो वऱ्हाडी माणूस. श्रीधर व्यंकटेश केतकर. जन्म रायपूरचा, १८८४ चाच, पण शिक्षण आमच्या अमरावतीला. तेही १९०६ सालीच अमेरिकेला निघाले, कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेच्या इतिहासावर काम करून डॉक्टर झाले. एकाच वेळी एक विदर्भी तरुण त्या देशाच्या पूर्व टोकाला ग्रंथालयात बसलेला आणि दुसरा पश्चिम टोकाला कवायत करता करता शेती शिकणारा. दोघांची भेट झाली असती तर काय बोलले असते, असं मनात येतं. असो. केतकर परत आले आणि त्यांनी मराठी ज्ञानकोशाचा डोंगर अंगावर घेतला. कंपनी नागपूरला काढली, पुढे काम पुण्याला नेलं. भाग विकायला, वर्गणीदार मिळवायला गावोगाव हिंडले. तेवीस खंड पुरे केले तेव्हा १९२८ साल उजाडलं होतं. त्या खटाटोपाची हकीकत त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या नावानं लिहून ठेवली आहे. आणि ज्या सुमारास इकडे शेवटचे खंड छापखान्यातून बाहेर पडत होते, त्याच सुमारास तिकडे रिव्हेरा भिंतीवर खानखोज्यांचा चेहरा रंगवत होता.

हे अकोल्याच्या सहकाऱ्यांना सांगितलं तेव्हा ते थोडे निवळले. म्हणाले, "मंग केतकरावरच लिवा ना." केतकरांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आणि मला वाटतं, ज्ञानकोशकाराला आपल्यावरच्या लेखापेक्षा कोशात पडलेली भर जास्त आवडली असती. केतकरांना कोशासाठी तरी कचेरी होती, पगारी माणसं होती. आता गुडघा धरून बसलेला निवृत्त मास्तरही कोशात लिहितो आणि एक अनोळखी माणूस त्याचं 'थोर' खोडतो. केतकरांना हे पटलं असतं की नाही, सांगता येत नाही.

कोशात कोण येतो आणि कोण राहतो हा प्रश्न मात्र तेव्हाचाच आहे. डोना स्ट्रिकलंड या कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञ बाईंवर कुणीतरी इंग्रजी विकिपीडियासाठी लेख लिहिला होता. मे २०१८ मध्ये तो परत आला, पुरेसा आधार नाही म्हणून. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल जाहीर झालं आणि मग धावपळ करून पान तयार झालं. माणूस मोठा आहे की नाही हे कोश ठरवत नाही. आधी दुसऱ्या कुणीतरी त्याच्याबद्दल लिहिलेलं असावं लागतं. मामा जेवताना बोलले ते कोशाच्या उपयोगाचं नाही. ते कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

एका मोहाबद्दल सांगायला हवं. नॉर्मन बोरलॉग १९४४ साली मेक्सिकोत गेले. त्यांच्या गव्हाच्या कामाचं एक ठाणं चापिंगोलाच होतं. तिथून निघालेल्या बुटक्या गव्हाचं अठरा हजार टन बियाणं १९६६ साली भारतानं मागवलं आणि इथे हरित क्रांती झाली. हे मी वाचलं तेव्हा हात शिवशिवले. 'हरित क्रांतीचा पाया एका वर्धेकरानं घातला', केवढं झोकदार वाक्य! तशा अर्थाचं लिहिलेलं आढळतंही. मी दोन दिवस शोधलं. जागा एकच, पीक एकच, हे दाखवता येतं. बोरलॉगच्या गव्हात खानखोज्यांच्या गव्हाचं रक्त आहे, हे दाखवणारा कागद माझ्या हाती आला नाही. म्हणून ते वाक्य मी लिहिलं नाही. नात म्हणाली, "आबा, लिहिलं असतं तर पान किती लोकांनी वाचलं असतं!" लोकांनी वाचलं असतं हे खरं आहे.

पण तारखा नुसत्या शेजारी ठेवल्या तरी जीव कळवळतो. स्वातंत्र्यानंतर खानखोज्यांनी भारतात यायचं ठरवलं तेव्हा त्यांचा व्हिसा आधी नाकारला गेला. इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत नाव होतं आणि स्वतंत्र देशाच्या दप्तरात ती यादी तशीच चालत आली होती. मागे राहिलेला कागद असाही असतो. पुढे ते सुटलं. १९४९ मध्ये ते येऊन गेले आणि १९५५ च्या सुमारास नागपूरला स्थायिक झाले. मेक्सिकोचा गहू जहाजांतून इथे येत होता तेव्हा मेक्सिकोत गव्हावर काम केलेला माणूस नागपुरात म्हातारा होऊन बसला होता. २२ जानेवारी १९६७ ला तो गेला आणि आमच्या घरी मिलोची भाकरी होती.

सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगोच्या विद्यापीठात खानखोज्यांचा पुतळा उभा राहिला. ती बातमी मी वाचली होती, पान उलटलं होतं. पुतळ्याखाली काय कोरलं आहे, क्रांतिकारक आधी की कृषिशास्त्रज्ञ, ते विचारायला हवं होतं असं आता वाटतं.

आमच्या वादाचं पुढे काय झालं? मी माघार घेतली. कारण विचार करता करता लक्षात आलं की त्यांनी स्वतः कधी हे दोन वेगळे धरलेच नसावेत. बंदूक शिकण्याच्याच वर्षांत ते जमीन शिकले. मी चर्चा पानावर लिहिलं, तुमचा क्रम राहू द्या, पण दुसऱ्या वाक्यातच चापिंगो आणि मका आला पाहिजे. समोरच्यानं मान्य केलं. आता पानावर मक्याचा भाग लढायांच्या भागापेक्षा थोडा मोठा आहे. मी ओळी मोजल्या.

शेवटची भर घातली ती दिवाळीनंतर. १९३६ च्या त्या पुस्तिकेतल्या 'ग्रनादा' या नावाचा अर्थ मला काही केल्या लागेना. (त्याच साली त्यांनी बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी लग्न केलं, म्हणून मी आधी त्यात काही नाजूक अर्थ शोधत होतो.) शेवटी नातीला फोन केला. तिनं शोधून सांगितलं, "आबा, ग्रनादा म्हणजे डाळिंब." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि हातबॉम्बलाही तेच म्हणतात."

मी टीप म्हणून तेवढंच टाकलं, स्पॅनिशमध्ये या शब्दाचे दोन अर्थ आहेत एवढंच, विशेषण न लावता. तासाभरात पुढे चिठ्ठी लागली, 'संदर्भ हवा'. शब्दकोशाचा पृष्ठ क्रमांक दिला. आज पाहिलं, अजून आहे.